मचाण: जागलीतून शिकारीकडे

अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीत अलीकडे एक साधन फार चालते. कमरेखाली जाड पट्ट्यांची झोळी बांधायची, खोडाभोवती दोर टाकायचा, खोडाला बांधलेल्या पायट्यांवर चढून जायचे आणि त्या दोराला लटकून खोडाआड तासन्‌तास बसायचे. शिवणकाम येणारे लोक ही झोळी घरीच शिवतात. दोरावर सरकणारी आणि भार येताच आवळणारी गाठ त्यात लागते. ती ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकने १९३१ साली गिर्यारोहकांसाठी प्रसिद्ध केली, आणि आज तिच्यावर माणसाचा जीव तोललेला असतो. नागपूर-भंडारा रस्त्यावर कन्हानकाठी वसलेल्या मौद्याच्या परिसरात याच गरजेचे उत्तर मचाण हे आहे. जमिनीपासून वर, न दिसता, रात्रभर बसायचे तर काय करायचे, या एका प्रश्नाची ही दोन उत्तरे इतकी वेगळी का, हे पाहायचे तर मचाणाची कुळकथा नीट लावली पाहिजे. मचाण म्हटले की डोळ्यांसमोर बंदूकधारी साहेब आणि खाली बांधलेले रेडकू येते. ते चित्र खरे आहे, पण वंशावळीत ते बरेच खाली आहे. मचाण मुळात शेतकऱ्याचे, आणि शिकारीने ते त्याच्याकडून घेतले, असे माझे म्हणणे आहे.

मौदा हा धानाचा पट्टा. सोबत तूर आहे, मिरची आहे. उत्तरेला रामटेक आणि पेंचचे जंगल, दक्षिणेला उमरेड-कऱ्हांडल्याचे. लोंबी भरू लागली की डुक्कर येते, तूर उभी असली की रोही, म्हणजे नीलगाय, येतो, आणि शेतकरी जागलीला जातो. जागल म्हणजे रात्रीची राखण. जागल्याला उभ्या पिकाच्या वरून दूरवर दिसले पाहिजे, ओल्या जमिनीपासून आणि विंचूकाट्यापासून सुटका पाहिजे, आणि बिथरलेले डुक्कर थेट पायांवर येते तेव्हा पाय वर असले पाहिजेत. या तिन्ही गरजा चार खांबांवरच्या बांबूच्या तट्ट्याने एकदम भागतात. बांधावर मोह किंवा आंबा असेल तर खांबही लागत नाहीत, दोन फांद्यांच्या बेचक्यात आडवे बांबू बांधले की झाले. दोर विकत आणावा लागत नाही. पळसाच्या मुळ्यांचा वाख किंवा माहुल वेलीची साल त्या कामाला पुरते. अंगावर घोंगडी, हाताशी गोफण आणि पत्र्याचा डबा, एवढ्यावर हंगाम निघतो.

आता शिकाऱ्याला मचाणाचे जे गुण हवेसे वाटतात ते पाहा. माणसाचा वास वर राहतो, जनावर सहसा वर पाहत नाही, खालची जमीन मोकळी दिसते. हे सगळे जागल्याला न मागता मिळालेले आहे. वरून रात्रभर पाहणाऱ्यालाच पहिल्यांदा कळले असणार की वारा कुठून असला म्हणजे डुक्कर पिकाजवळ येते आणि कुठून असला म्हणजे बांधावरूनच परतते. ज्ञान आधी राखणीत साठले, मग त्याचा उपयोग मारण्यासाठी झाला. बांधणीही हेच सांगते. शेतातले मचाण खांबांवर किंवा झाडावर असते. शिकारीचे मात्र जवळपास नेहमी झाडावर, कारण उघड्यावर नवे उभे केलेले खांब जनावराच्या डोळ्यांत भरतात. म्हणजे दोन प्रकारांतला जो लपायला सोयीचा तेवढाच शिकारीने उचलला, आणि तोही थोडा उंच नेऊन.

यावर कोणी म्हणेल की शिकार हा राजांचा फार जुना शौक. उंचावरून शिकार करण्याची युक्ती दरबाराकडून गावाकडे का आली नसेल? शंका रास्त आहे. पण शेतराखण त्याहून नवी नाही. हालाच्या गाथासप्तशतीत साळीच्या शेताची राखण करणाऱ्या मुली आहेत. मेघदूतातला रामगिरी म्हणजे मौद्याच्या शेजारचे रामटेक, असे वा. वि. मिराशींनी मांडले. त्याच कालिदासाच्या रघुवंशात, चौथ्या सर्गात, भाताची राखण करणाऱ्या बायका उसाच्या सावलीत बसून गातात. या उल्लेखांत मचाण नाही हे मान्य. पण रानाच्या कडेला शेत आणि शेताला राखणदार ही व्यवस्था किती जुनी आहे ते त्यांतून दिसते, आणि ज्याला दर वर्षी कित्येक रात्री उंचावर बसण्याची गरज होती त्याने ते साधन केले असे मानणे अधिक सयुक्तिक. राजाला ती गरज हौसेपुरती होती. इंग्रजी काळातही मचाण साहेबाने बांधले नाही. ते बांधणारा गावचा शिकारी आणि त्याच्यासोबतचे गडी असत. झाड निवडणे, वारा पाहणे, फांद्यांनी आडोसा करणे हे त्यांचे काम, बार तेवढा साहेबाचा. जिम कॉर्बेटच्या लेखनात तर घरची खाटच झाडात बांधून मचाण होते. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्याने मे १९२६ मध्ये मारला तो आंब्याच्या झाडावरच्या मचाणावरून.

दुसरी शंका जास्त अवघड आहे. दोराने झाडाला लटकण्याची विद्या आपल्याकडे नव्हती काय? होती, आणि उत्तम होती. तेलंगणात ताडी काढणारे गौड लोक 'मोकू' नावाचे दोराचे कडे कंबर आणि खोड यांच्याभोवती घेऊन, पायांत दुसरा फास अडकवून, सरळ ताडावर चढतात आणि वर दोन्ही हात मोकळे ठेवून काम करतात. अमेरिकन झोळीचे तत्त्व ते हेच. गोव्यात रेंदेर आणि कोकणात भंडारी माडावर चढत आले. मग आपल्या शिकाऱ्याने ते का घेतले नाही?

माझ्या मते साधनाचा घाट ते कोण वाहून नेतो यावरून ठरतो. ताडी काढणारा एका दिवसात अनेक झाडे चढतो-उतरतो, म्हणून त्याचे साधन अंगावर मावणारे. अमेरिकन शिकारी एकटा असतो, सार्वजनिक जंगलात त्याला सहसा कायमचा माळा ठेवता येत नाही, सगळे सामान स्वतःच्या पाठीवर न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. म्हणून त्याचेही तसेच. विदर्भातल्या शिकाऱ्याला बांबू जागेवर मिळत होता आणि बांधायला माणसे होती. साहेबांच्या काळात ती माणसे फुकट किंवा नाममात्र मजुरीवर राबत, हे विसरता येत नाही. शिवाय त्याला गाऱ्यावर, म्हणजे वाघाने मारलेल्या जनावराजवळ, किंवा पाणवठ्यावर सांजेपासून पहाटेपर्यंत न हलता बसायचे होते, बहुधा सोबत्यासह. दोरात लटकलेल्या माणसाच्या मांड्या काही तासांत बधिर होतात आणि त्याला चुळबुळ करावी लागते; मचाणावर मांडी घालता येते, पाठ टेकता येते. विद्या ठाऊक नव्हती असे नाही, तिची निकड नव्हती.

शिकारीचे मचाण कायद्याने संपवले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीच्या व्याख्येत हाकणे आणि मारण्याचा नुसता प्रयत्नसुद्धा धरला. आज मौद्याच्या रानात कोणी झोळी शिवून शिकारीसाठी झाडावर बसला तर तो गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच राहावा. उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या काही प्राण्यांबाबत कलम ११ खाली परवानगीची वाट आहे, पण ती अधिकाऱ्याच्या लेखी आदेशातून जाते. वनखात्याने मात्र मचाण टाकून दिले नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणांवर बसून प्राण्यांची नोंद करायला लोक आजही जातात. मूळचे पाहण्याचे काम मचाणाकडे परत आले, याचा मला मनापासून आनंद आहे.

चिंता आहे ती जागलीच्या मचाणाची. रात्रभर जागायला घरात माणूस उरत नाही, आणि काही ठिकाणी त्याची जागा बांधाभोवती चोरून सोडलेल्या विजेच्या तारेने घेतली. एप्रिल २०१७ मध्ये नागभीडच्या बाजूला श्रीनिवास नावाचा वाघ अशाच तारेला लागून मेला. कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध जय वाघाचा तो बछडा, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला. तारेने माणसेही मरतात, पुष्कळदा ज्याने ती लावली त्याच्याच घरातली. यावर कोणी सांगेल की जागल म्हणजे गरिबाची झोपमोड आणि जिवाची जोखीम, तिचे गोडवे गाऊ नयेत. हे खरे आहे. थंडीत पहाटेपर्यंत डबा वाजवत बसणाऱ्याला परंपरा जपण्याचा उपदेश करण्याचा हक्क कोणालाही नाही. पण मचाणावरचा माणूस डुक्कर आणि वाघ ओळखू शकतो, तारेला ते जमत नाही. म्हणून जागल सुटायचीच असेल तर तिच्या जागी थोडा झटका देऊन जनावर परतवणारे सौर कुंपण आले पाहिजे. त्यासाठी सरकारी अनुदानाची योजना आहे. ते अनुदान धान लोंबीवर येण्याआधी, मागणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचवणे हे आता वनखात्याचे काम आहे.