मांजर पाळताय? खर्च आणि गरज आधी समजून घ्या

आपल्या घरांत मांजर बहुतेक वेळा न बोलावता येते आणि घरचीच होऊन जाते. पण ती आजारी पडली की डॉक्टरची फी आठवून आपण दोन दिवस थांबतो. आजार वाढतो, खर्चही वाढतो. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला अजाब झाल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. पाळणं ही जबाबदारीच आहे.

कुठे जायचं? शासनाच्या आणि जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत कमी पैशांत तपासणी होते. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे.

खर्च कसा टाळायचा? पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या आणि पुढचे डोस चुकवू नका. नसबंदी एकदाच करावी लागते. पिल्लांचा खर्च कायमचा वाचतो. दुधापेक्षा स्वच्छ पाणी ठेवा. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात.

हे लक्षात ठेवा: मांजर दुखणं लपवते. कोपऱ्यात बसून राहिली, जेवण सोडलं तर समजून घ्या. बोका सारखा लघवीला बसतो पण होत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा; उशीर जिवावर बेततो. आपली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते.

चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरला दाखवा.