विचारांची लस

लस टोचली की शरीराला रोगाची सौम्य ओळख होते आणि खऱ्या रोगाशी लढण्याची तयारी होते. मनाचेही असेच असेल काय? १९६०च्या सुमारास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅक्ग्वायर यांनी हे तपासले. 'दात घासणे हिताचे' यासारखी, कोणी कधी शंका न घेतलेली विधाने त्यांनी निवडली. काही विद्यार्थ्यांना विधानाच्या बाजूचे मुद्दे दिले. इतरांना विरुद्ध बाजूचे थोडे मुद्दे आणि त्यांचे खंडन दिले. पुढे विधानांवर जोरदार हल्ला केला, तेव्हा दुसरा गट अधिक ठाम राहिला.

तंबाखूबाबत शाळांचा मार्ग पहिल्या गटासारखाच होता : रोगांची माहिती आणि भीती. आम्हीही व्याख्यानांतून काळवंडलेल्या फुप्फुसांची चित्रे दाखवली आहेत. मुले गंभीर होत. पण मित्राने पुडी पुढे केली तर काय बोलायचे, हे आम्ही कधी शिकवले नाही.

ह्यूस्टन विद्यापीठातील रिचर्ड इव्हान्स यांनी १९७०च्या दशकात नेमके हेच केले. सातवीच्या मुलांना त्यांनी चित्रफितींतून मित्रांचा आग्रह, जाहिरातींच्या युक्त्या आणि त्यांना द्यायची उत्तरे दाखवली. मुलांनी खरे सांगावे म्हणून लाळेचे नमुनेही घेतले. त्यांत निकोटीन ओळखता येते.

मात्र ही लस हमखास नव्हे. वॉशिंग्टन राज्यातील ४० शालेय जिल्ह्यांत सुमारे ८,४०० मुलांना तिसरीपासून पुढे अभ्यासले गेले. निम्म्या जिल्ह्यांत असे पाठ दिले होते. २००० साली निष्कर्ष आला : दोन्ही गटांतील धूम्रपानात फरक नाही!

आपल्याकडे २००४ ते २००६ या काळात दिल्ली व चेन्नईच्या ३२ शाळांत सहावी व आठवीपासून प्रयोग झाला. येथे वर्गातल्याच मुलांनी चर्चा चालवल्या, पालकांनाही सामील केले. दोन वर्षांत तुलनेच्या शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला. प्रयोगाच्या शाळांत १७ टक्क्यांनी घटला. अर्थात, दोन वर्षे म्हणजे सारे तारुण्य नव्हे.

म्हणून पाठाला परिसराची जोड हवी. २००३च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकण्यास बंदी आहे. विद्यार्थ्यांच्या हाती मोजपट्टी द्या आणि फाटकापासूनचे अंतर त्यांनाच मोजू द्या. नंतर वर्गात 'नाही' म्हणण्याचा सराव घ्या.