खोकड, कोल्हा आणि चौदा सुया

झुपकेदार शेपूट दिसलं की शहरातला माणूस 'कोल्हा' म्हणून मोकळा होतो. आमच्या नीराकाठच्या गावांत तसं चालत नाही. माळावरचं ते खोकड आणि उसातला तो कोल्हा. खोकड जेमतेम दोन-तीन किलोचं, शेपटीचं टोक काळं. उंदीर, सरडे, वाळवी आणि बोरं यांवर त्याचा गुजारा. कोल्हा त्याच्या तिप्पट वजनाचा, पण चालीनं तितकाच भित्रा.

1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहता झाला आणि बाजरीच्या रानात हळूहळू ऊस आला. कोल्ह्याला बारमाही आडोसा मिळाला, पाणी मिळालं. खोकडाचा माळ मात्र नांगराखाली गेला. म्हणून आज्ज्याच्या गोष्टींत खोकड जास्त आणि आमच्या गोष्टींत कोल्हा.

माणसाला यांचं भय होतं का? आठ-नऊ वर्षांची पोरं एकटी राखणीला जायची, बाया पहाटेच्या अंधारात सरपणाला जायच्या. खोकडानं माणूस धरला, असं कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नाही. कोल्हा कोंबडी न्यायचा, कोवळं करडू न्यायचा, भुईमूग उकरायचा. पोरं उचलून नेल्याच्या गोष्टी असत, त्या लांडग्याच्या. रात्री भालू ओरडली की आजी पोरांना आत घ्यायची. पण ते भय अपशकुनाचं, दातांचं नव्हे.

खरं भय एकच, पिसाळलेल्या कोल्ह्याचं. आज्जा म्हणायचा, "कोल्हं तुला बघून पळालं, तर तू निवांत जा. न्हाय पळालं, तर तू पळ." जनावराची माणसाविषयीची भीती जाणं हे पिसाळल्याचं लक्षण, हे त्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

मी सातवीत असताना सुगीत असाच एक कोल्हा पहाटे खळ्यावर आला. निजलेल्या दोघांना चावला आणि काठ्यांनी मेला. एकाला त्याच्या भावानं बैलगाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्याच्या जखमेत घरच्यांनी तिखट भरलं आणि त्याला मांत्रिकाकडं नेलं. सुयांचं नाव काढलं की माणसं टरकायची. पोटात चौदा सुया, रोज एक. पहिला गडी पोट धरून रडला, पण पुढं नातवंडं खेळवून गेला. दुसऱ्याची जखम भरली, तो कामाला लागला. दोन महिन्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला तर तो किंचाळला. चौथ्या दिवशी गेला.

त्या सुयांनाही इतिहास आहे. पाश्चरनं 1885 साली पहिल्यांदा माणसाला ही लस टोचली. आपल्याकडं 1900 साली कसौलीला संस्था निघाली, तेव्हा चावलेल्या माणसाला आगगाडीनं पार तिथवर जावं लागे. 1911 मध्ये डेव्हिड सेम्पल यांनी तिथंच मेंढीच्या मेंदूपासून लस केली. ती बाहेरगावी धाडता येऊ लागली, म्हणून पुढं आमच्या तालुक्यापर्यंत पोचली. तिच्यानं क्वचित कुणाला लकवाही होई, त्यामुळं लोकांची धास्ती अगदीच खोटी नव्हती. 2004 च्या अखेरीस ती लस आपल्या देशात बंद झाली. आता मोजक्याच सुया, त्याही दंडात.

तरी बातमी आली की लोक काठ्या घेऊन उसात शिरतात आणि सापडेल ते मारतात, खोकडसुद्धा. 1972 च्या कायद्यानं दोघांनाही संरक्षण आहे. माणसाला होणाऱ्या रेबीजमध्ये 99 टक्क्यांपर्यंत वाटा कुत्र्याचा असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते कुत्रं आपल्याच दारात भाकरी खातं, म्हणून त्याचं भय वाटत नाही.

कुत्रं चावो नाहीतर कोल्हा, जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाण्याचं भय सुरू झाल्यावर आजही औषध नाही. आमच्या खळ्यावर चावणारा कोल्हा एकच होता. एक जगला आणि एक गेला, तो फरक दवाखान्याच्या वाटेनं केला.