गणवेशाच्या आतला माणूस
एन्झो कास्तेल्लारी यांचा १९७८ चा 'द इन्ग्लोरियस बास्टर्ड्स' घ्या. 'द डर्टी डझन'ची स्वस्तातली नक्कल म्हणून आपण तो झटकून टाकतो. पण पाहा, लष्करी तुरुंगाकडे नेले जाणारे अमेरिकी कैदी निसटतात, स्वित्झर्लंडची वाट धरतात आणि जर्मन गणवेशातल्या आपल्याच माणसांना मारून बसतात. असला घोटाळा इटलीने खराखुरा भोगला होता. ८ सप्टेंबर १९४३ ला युद्धविराम जाहीर झाला आणि कालचा मित्र जर्मनी एका रात्रीत शत्रू झाला. कित्येक सैनिक गणवेश टाकून घराकडे निघाले. अशा देशाला निष्कलंक वीर पटायचा कसा? पळपुटाही ऐनवेळी ताठ उभा राहू शकतो, एवढंच हा चित्रपट सांगतो. ते काही मला स्वस्त वाटत नाही.