मिलोसचा किनारा आणि अथेन्सचं आरमार

मिलोसला आम्ही गेलो ते, खरं सांगायचं तर, साराकिनिकोचे पांढरेशुभ्र खडक आणि निळं पाणी बघायला. पण जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला इथं नुसतं बसवत नाही, मंडळी! इ.स.पू. ४१६ मध्ये याच बेटावर अथेन्सचं आरमार आलं. शरण या, नाहीतर नष्ट व्हा. मेलोसवासीयांनी न्यायाची आठवण करून दिली. उत्तर मिळालं, न्यायाची भाषा बरोबरीच्यांत चालते. थ्युसिडिडीसनं हा संवाद लिहिला. स्वतः तो तेव्हा हद्दपार होता. वेढा हिवाळ्यापर्यंत चालला. मग पुरुषांची कत्तल, बायकामुलं गुलाम. दोनच वर्षांनी, सॉक्रेटिसच्या त्याच अथेन्समध्ये, अ‍ॅरिस्टोफेनीसच्या 'पक्षी' या नाटकात मेलोसच्या उपासमारीवर विनोद आहे. प्रेक्षक हसलेही असतील.