इक्विनॉर

इक्विनॉर : नॉर्वेची बहुतांश शासकीय मालकीची बहुराष्ट्रीय ऊर्जा कंपनी. मुख्यालय स्टाव्हांगर.

उत्तर समुद्रात 1969 मध्ये एकोफिस्क तेलक्षेत्राचा शोध लागल्यावर नॉर्वेच्या संसदेने 1972 मध्ये ‘स्टाटऑइल’ या नावाने तिची स्थापना केली. आरंभी ती पूर्णतः शासनाच्या मालकीची होती. 2001 मध्ये तिच्या भागांची ऑस्लो व न्यूयॉर्क शेअर बाजारांत नोंदणी झाली. 2007 मध्ये नॉर्स्क हायड्रोचा तेल व वायू विभाग तिच्यात विलीन झाला. 2018 मध्ये सध्याचे नाव स्वीकारण्यात आले. रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणानंतर 2022 मध्ये ती रशियातील संयुक्त प्रकल्पांतून बाहेर पडली.

शासनाचा भागहिस्सा 67 टक्के असून ते भागधारकांच्या सर्वसाधारण सभेतील मतदानाद्वारे अधिकार बजावते. दैनंदिन व्यापारी निर्णय संचालक मंडळ व व्यवस्थापन घेतात. नियमन स्वतंत्र शासकीय यंत्रणेकडे आहे. तेल-वायू उत्पादनाच्या परवान्यांतील शासनाच्या थेट हिश्शाचे व्यवस्थापन पेटोरो (स्थापना 2001) ही वेगळी शासकीय कंपनी करते; मात्र त्या हिश्शाच्या तेल-वायूची विक्री इक्विनॉर आपल्या उत्पादनासोबतच करते.

मालकी, नियमन व व्यापार यांची फारकत हे शासकीय मालकीच्या या नॉर्वेजियन प्रारूपाचे मुख्य लक्षण होय. लाभांश व करांतून शासनाला मिळणारा महसूल राष्ट्रीय निधीत जमा होतो. (पहा : ऑइल अँड नॅचरल गॅस कॉर्पोरेशन, नॉर्वे, सार्वजनिक उपक्रम).