काडतुसांतून दिसणारा एका साम्राज्याचा अविश्वास

१/ जुन्या लष्करी रायफलीची पितळी पुंगळी हाती आली, की जाणता संग्राहक प्रथम तिचे बूड न्याहाळतो. कारखाना, वर्ष, प्रकार यांचे ठसे तेथेच असतात. मात्र शंभर वर्षांची काडतुसे क्रमाने मांडली, तर राज्यकर्त्यांना आपल्याच शिपायांविषयी वाटणारा अविश्वासही त्यांत दिसतो. हिंगोलीच्या छावणीचा काळ नेमका हाच आहे. 🧵

२/ १८१९ ते १९०३ हिंगोली हे हैदराबाद कंटिन्जंटचे ठाणे होते. फौजेचा खर्च निजामाचा, अधिकारी इंग्रज. १८५७ मध्ये औरंगाबादच्या घोडदळातील उठाव वगळता ही फौज इंग्रजांकडेच राहिली आणि पुढे सर ह्यू रोज यांच्या मध्य हिंदुस्थानातील मोहिमेत लढली.

३/ १८५७ च्या उद्रेकाला निमित्त काडतूसच ठरले: एन्फिल्ड रायफलीचे, चरबी लावल्याचा संशय असलेले, दातांनी फाडावे लागणारे कागदी काडतूस. कागद टिकत नाही. म्हणून त्याचा अस्सल नमुना आज अत्यंत दुर्मीळ.

४/ उठाव शमल्यावर धोरण बदलले. हिंदी पलटणींचे शस्त्र गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागे ठेवायचे. बहुतेक हिंदी शिपायांना नळीत आटे नसलेल्या बंदुका मिळाल्या. त्यांचा नेम लांबवर लागत नसे.

५/ गोऱ्यांना स्नायडर मिळाली, तेव्हा हिंदी शिपाई ठासणीच्या बंदुकीवर. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा हिंदी शिपाई स्नायडरवर. संग्रहात हा फरक सहज ओळखू येतो. स्नायडरची पुंगळी पातळ पितळी पत्र्याच्या गुंडाळीची व सरळ, तर मार्टिनीची बाटलीसारखी निमुळत्या मानेची.

६/ १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत गोऱ्यांकडे ०.३०३ इंची, जवळजवळ धूर न होणारी काडतुसे होती. हिंदी शिपायांची मार्टिनी मात्र काळ्या दारूची. प्रत्येक बारासरशी उठणारा धूर त्यांची जागा शत्रूला दाखवी. धोरणाची किंमत अशी रणांगणावर मोजावी लागे.

७/ १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदी सैन्यात विलीन झाले. १९१४ साली हिंदी तुकड्या फ्रान्सला पोहोचल्या, तेव्हा मार्सेय बंदरातच त्यांच्या जुन्या रायफली व काडतुसे काढून घेऊन नवी द्यावी लागली. कंटिन्जंटच्या घोडदळातून घडलेले २० वे डेक्कन हॉर्सही त्या युद्धात फ्रान्समध्ये लढले.

८/ महाराष्ट्रातील संग्राहकाला जवळचा ठसा खडकीचा. तेथील दारूगोळा कारखाना १८६९ चा. ०.३०३ च्या बुडावर ‘के’ व ‘एफ’ ही रोमन अक्षरे, मध्ये बाण आणि दोन अंकी वर्ष असते. ४२ म्हणजे १९४२. टोपीभोवतीचे कडे जांभळे असल्यास साधी गोळी, तांबडे असल्यास जळत जाऊन आपला मार्ग दाखवणारी.

९/ जिवंत काडतूस परवान्याविना बाळगणे हा शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे. शेतात वा जुन्या वाड्यात आढळल्यास हात न लावता पोलिसांना कळवावे. आणि रिकामी जुनी पुंगळी कधीही घासून चकचकीत करू नये. चकाकी येते, पण बुडावरचा ठसा झिजतो. आणि ठसा गेला, की उरते ते केवळ पितळ.